डोळ्याखालचा भोवरा

दरवर्षी दसऱ्याच्या सकाळी पोथ्यांची पूजा आटोपली, की मी देवघरालगतच्या खोलीतील काळी पेटी पाटावर घेतो. पेटीला आतून जांभळ्या मखमलीचे अस्तर आहे. झाकण उघडताच प्रथम वास येतो: जुन्या लाकडाचा, किंचित गंजलेल्या तारांचा, आणि या दोहोंच्या तळाशी कोठेतरी सुक्या मिरचीचा. आत माझ्या मुलीची, ऋचाची, गिटार आहे. विजेवर बोलणारी, परंतु अंगाने पोकळ. गंध, अक्षता, आपट्याचे एक पान आणि झेंडूचे एक फूल एवढे वाहून मी हात जोडतो आणि वर्षभरासाठी झाकण मिटतो. तारांना मी स्पर्श करीत नाही. खुंट्यांना तर नाहीच. त्या शेवटच्या तिच्या बोटांनी फिरवलेल्या आहेत.

यंदा झाकण उघडले तेव्हा वास तोच होता. पण ज्या लहानशा लाकडी घोडीवरून तारा जातात ती घोडी आडवी पडली होती. छातीचे लाकूड आत खचले होते. मान पुढे वाकली होती, आणि सहापैकी दोन तारा तुटून मखमलीवर वेटोळे करून पडल्या होत्या. हातातले फूल कोठे ठेवावे हे मला कळेना.

कार्तिक सरत आला तेव्हा ती पेटी घेऊन मी नंदुरबारला निघालो. ब्राह्मणपुरीहून शहादा आणि तेथून पुढची बस. माझ्या वयाच्या माणसाने एवढे ओझे का घेतले म्हणून वाहकाने पेटी मागे ठेवण्यास सांगितले; मी ती मांडीवरच धरली. प्रकाशा गावच्या पुलावर बस आली. खाली तापी रुंद आणि निश्चल होती. याच पाण्याला मी ऋचाच्या अस्थी दिल्या. पुलावरून जाताना नकळत माझे ओठ हलू लागतात. त्या दिवशी मात्र एकही मंत्र आठवला नाही. आठवत राहिले ते एवढेच, की ही गिटार दुरुस्त झाली पाहिजे. तिच्या हातचा जो स्वर माझ्या घरात उरला होता तो एवढाच होता.

ऋचाची आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मी शेतकऱ्याचा मुलगा. वडिलांनी पाठशाळेत धाडले म्हणून नांगराऐवजी पोथी हाती आली, आणि हयात शहाद्याच्या शाळेत संस्कृत शिकवण्यात गेली. मुलीला वाढवावे कसे हे कोणत्याही पोथीत मला सापडले नाही. मी तिला पहाटे उठवी आणि शेजारी बसवी. मार्गशीर्षाची थंडी, पपईच्या बागांवरून येणारा ओलसर वास, दूर कोठेतरी पाण्याच्या मोटारीची घरघर, आणि आईच्या शालीत गुंडाळलेली ऋचा, डोळे मिटून माझ्यामागून श्लोक म्हणणारी. तिचा स्वर पाण्यासारखा सरळ लागे. उच्चार चुकला तर मी बोट वर करी. ती डोळे न उघडताच दुरुस्त करी. मी बोट वर केले हे तिला कसे कळे, हे मी कधी विचारले नाही. आता विचारता येत नाही.

वर्षातून एकदा तिचे मामा तिला सारंगखेड्याच्या यात्रेला नेत. सुकलालमामा म्हणजे माझ्या पत्नीचे थोरले बंधू. तापीकाठची शेती सांभाळून त्यांनी जन्मभर एकच शास्त्र जोपासले, ते घोड्यांचे. घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे असतात, आणि कोणता भोवरा कोठे आहे यावरून जनावर घरात आणावे की नाही हे ठरते. रंग, चाल, उंची हे सारे त्यानंतर. यात्रेत धुळीचा, ओल्या गवताचा आणि लिदीचा वास दाटलेला असे. मामा ऋचाचे बोट धरून तिला घोड्याच्या गळ्याशी नेत.

"हाऊ देख. गयाना जोडे भवरा. देवमण. हाऊ घोडा ज्याना घरमा, तो राजा."

"आनि हाऊ, मामा?"

"डोयाना खाले शे का? हात नको लावू. आसूढाळ. ज्या घरमा हाई जनावर, त्या घरमा रडनं."

आसूढाळ म्हणजे आसवे ढाळणारा. डोळ्याखाली जेथून अश्रू ओघळतो तेथला भोवरा. ऋचा घरी येऊन मांजरांचे डोळे तपासत बसे.

पुढे ती नंदुरबारच्या महाविद्यालयात गेली आणि तेथे तिला दानियल सर भेटले. नवापूरकडच्या डोंगराळ गावचा हा शांत माणूस रविवारी प्रार्थनेत गिटार वाजवी आणि उरलेले सहा दिवस मिरची बाजारामागच्या एका खोलीत मुलांना शिकवी. ऋचा वर्गातली जुनी गिटार वाजवू लागली. दोन वर्षांनी ती माझ्यासमोर बसली. काही मागायचे असले की ती पाटाची कड नखाने खरवडत असे.

"आबा, मला स्वतःची हवी आहे. पोकळ अंगाची. भरीव नको."

"का बरे?"

"भरीव गिटारीत लाकूड फक्त तारा धरून बसतं. पोकळ असली की आतली हवाही वाजते."

मी प्रसन्न झालो, हे मान्य करतो. शब्द हा आकाशाचा गुण, हे मी आयुष्यभर फळ्यावर लिहीत आलो होतो. घटातले आकाश आणि बाहेरचे आकाश एकच, हे समजावताना मुलांच्या चेहऱ्यावर जांभया पाहत आलो होतो. माझी मुलगी तेच एका परदेशी वाद्यावरून सांगत होती.

भाचीची पहिली मोठी वस्तू घ्यायची तर मामांना वगळून कशी घेणार? म्हणून पहाटेच्या गाडीने सुरतेला आम्ही चौघे निघालो: ऋचा, मी, मामा आणि सर. मामांनी यात्रेला घालतात ते धुवट धोतर, कोट आणि टोपी असा पोशाख केला होता. नवापूर येईपर्यंत त्यांनी सरांना विचारून विचारून भंडावले.

"इन्हा दात कोठे ऱ्हातस?"

"दात नसतात, मामा. मानेवर पडदे असतात."

"पडदा? मंग तोंड कसं देखवो?"

"पोटावर घोडी असते, ती पाहा," सर हसून म्हणाले.

"घोडी शे? मंग काय चिंता!" मामांनी डब्यातल्या अनोळखी माणसांकडेही विजयाने पाहिले. ऋचा खिडकीला डोके टेकून इतकी हसली, की तिला ठसका लागला. त्या हसण्याचा आवाज मला अजून येतो. गाडीच्या आवाजात मिसळलेला, म्हणून गाडीचा आवाजही मी टाळतो.

दुकानात भिंतभर गिटारी टांगलेल्या होत्या. दुकानदार विजेची तार जोडू लागला, तेव्हा सरांनी त्याचा हात थांबवला.

"आधी वीज नको. वीज जोडली की सगळ्याच मोठ्यानं बोलतात. आधी नुसत्या ऐकू द्या."

मग त्यांनी ऋचाला एकेक गिटार पोटाशी धरायला लावली. पाठीवर तळहात ठेवून जाडी तार छेडायची, आणि थरथर कोठवर पोहोचते ते पाहायचे. एक डोळा मिटून मान सरळ आहे का ते न्याहाळायचे. हे मामांना फार पटले, घोड्याची पाठही अशीच पाहतात म्हणाले. काही गिटारींच्या पोटात मधोमध लाकडाचा ठोकळा असतो. त्या विजेवर मोठ्याने वाजवल्या तरी कोकलत नाहीत, पण विजेवाचून खोलीत मुक्या राहतात, असे सरांनी सांगितले. तिला घरात वाजवायची होती. म्हणून पूर्ण पोकळ.

पाचवी की सहावी, मधाच्या रंगाची एक गिटार तिने हाती घेतली आणि एकच तार छेडली. दुकानातले बोलणे थांबले असे मी म्हणणार नाही. दुकानदार फोनवर बोलतच होता. पण ऋचाचे डोळे मिटले. पहाटे माझ्यामागून म्हणताना मिटत, तसेच. सर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "गुरुजी, हीच."

मामा जवळ आले. गिटारीच्या छातीवर दोन्ही बाजूंना अवग्रहाच्या चिन्हासारखी दोन वळणदार छिद्रे होती. त्यांतल्या एका छिद्राखाली लाकडाच्या रेषा एका ठिकाणी गोल फिरून गाठीत मिटल्या होत्या. मामांनी त्यावर बोट आणले, पण टेकवले नाही.

"दाजी, हाई लेवू नका. डोयाना खाले भवरा शे."

"मामा, हाई काय घोडं शे का?" ऋचा म्हणाली.

"घोडं नही, पन घरमा ते येनारच शे ना?"

दुकानदाराने फोन खाली ठेवला. "काका, ए तो लाकडानी कुदरती भात छे."

लाकडाची ती नैसर्गिक नक्षी आहे असे सांगणाऱ्या त्या माणसाकडे मामांनी पाहिलेही नाही. ते ऋचाकडे पाहत होते. "बेटी, ज्या सालले तुन्ही माय गयी, त्या सालले मन्हा आंगनमा आसूढाळ घोडी व्हती. लोके सांगेत, मी आयकं नही. माले भ्याव वाटस."

तिच्या आईचा उल्लेख झाला आणि ऋचाच्या हातातली तार गप्प झाली. तिने माझ्याकडे पाहिले. सारे माझ्यावर होते. मला म्हणता आले असते, की मामा, लाकडाला डोळा नसतो. ते मला ठाऊक होते. परंतु माझ्या घरातूनही एक माणूस उठून गेले होते, आणि उरलेले एकच माझ्यासमोर उभे होते. मी घसा खाकरला आणि अश्वलक्षणांबद्दल जे वाचले होते ते सांगू लागलो. दक्षिण, वाम, आवर्त, शुभ, अशुभ. मामांच्या भीतीला मी संस्कृताचे वस्त्र नेसवले. भीती एकट्या मामांची असती तर ऋचाने तिच्याशी वाद घातला असता. माझ्या शास्त्राशी तिने कधी वाद घातला नव्हता.

"ठीक आहे, आबा. दुसरी पाहू."

दुसरी मामांनी शोधली. गडद तांबूस, जाड चकाकीची; जेथे मान धडाला मिळते तेथे लाकडात एक सुरेख भोवरा होता. देवमण! मामांचा चेहरा उजळला. सरांनी ती एकदा वाजवून पाहिली आणि दुकानदाराच्या हाती परत दिली. निघताना एवढेच म्हणाले, की उन्हाळ्यात तारा सैल करून ठेवत जा, आपल्याकडचे ऊन लाकडाला सोसत नाही.

घरी उंबऱ्यापाशी मामांनी आम्हाला थांबवले. नवे जनावर घरात घेताना त्याच्या पायांवर पाणी घालतात. त्यांनी तांब्या मागवला, काळ्या पेटीसमोर उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना पाणी घातले आणि म्हणाले, "लई या घरमा." म्हणजे घरात घेऊन या.

त्यानंतरची दोन वर्षे मी शुभ मानत होतो. सायंकाळी सांजवात झाल्यावर ऋचा पडवीत बसून वाजवी. त्या गिटारीचा आवाज रांजणात तोंड घालून बोलावे तसा येई. मला वाटे या वाद्याची प्रकृतीच अशी असावी. मी जपमाळ घेऊन ऐकत बसे. वाजवून झाले की ती विचारी, "कसं वाटलं, आबा?" मी म्हणे, "उत्तम." ती मान हलवी आणि पेटी मिटी. गुरुवारी ती दुपारी वर्गाला जाई आणि संध्याकाळच्या बसने परते. ओढणीला मिरचीचा वास, डोळे लाल, आणि चेहऱ्यावर असे काही, की जणू ती एखाद्या तीर्थावरून आली आहे. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत असते तेव्हा साऱ्यांचेच डोळे लाल होतात. मी त्याहून अधिक विचार केला नाही.

फाल्गुनात ऋचाला ताप आला. होळीची लाकडे रचली जात होती, पळस फुललेला होता. सुरतेच्या रुग्णालयात न्यायला गाडी दारात उभी राहिली, तेव्हा तिने पेटी उघडून खुंट्या पिळल्या, तारा जुळवल्या आणि म्हणाली, "आले की लगेच वाजवता येईल." नऊ दिवसांनी आम्ही तिला परत आणले. त्या उन्हाळ्यात, आणि पुढच्या प्रत्येक उन्हाळ्यात, सरांचे वाक्य मला आठवे. तारा सैल करा. मी पेटीपर्यंत जाई आणि परत फिरे. तिने जुळवलेले मी कसे सोडणार?

मिरची बाजारामागची ती खोली अजून तेथेच आहे. दानियल सरांचे केस पिकले आहेत. त्यांनी पेटी उघडली आणि खचलेल्या छातीवर अलगद हात फिरवला. बाहेर कोणीतरी मिरची उलथत होते. दोघांनाही ठसका लागला.

"तारा अकरा वर्षं ताणलेल्या होत्या, गुरुजी?"

"होय."

"लाकडानं किती ओढ सोसायची? हिचं आता काही होणार नाही. जोडली तरी बोलणार नाही."

मी विचारले, की निदान एक तार तरी? त्यांनी नकारार्थी मान हलवली. तेव्हा, त्यांच्या डोळ्यांना डोळा देणे टाळावे म्हणून, मी भिंतीकडे पाहिले. मुलांच्या चार-पाच गिटारींच्या पलीकडे, कोपऱ्यात, एका स्वच्छ फडक्याखाली मधाचा रंग दिसत होता. मी उठलो आणि फडके बाजूला केले. छिद्राखाली गाठ होती.

"तीच आहे," सर मागून म्हणाले. "महिन्याभरानं परत जाऊन आणली. वर्गासाठी आणली असं सगळ्यांना सांगितलं. ती दर गुरुवारी यायची, दुपारी, दुसरं कोणी नसताना. दोन-दोन तास वाजवायची. मला म्हणायची, सर, आबांना सांगू नका. आपण चुकीची निवडली असं त्यांना वाटेल."

"मग घरी, सायंकाळी..."

सर हळू आवाजात म्हणाले, "घरची ती तुमच्यासाठी वाजवायची, गुरुजी."

मी खाली बसलो. दोन वर्षे रोज सायंकाळी मी माझ्या मुलीचे वादन ऐकले अशी माझी समजूत होती. ते मी एकदाही ऐकले नव्हते. भोवऱ्याने काही हिरावले नाही आणि देवमणाने काही राखले नाही. तिच्या वाट्याला जो थोडा काळ होता, त्यातल्या संध्याकाळी मी मुक्या लाकडाला देऊन टाकल्या, आणि ते लाकूडही आज मोडून पडले होते.

सरांनी गिटार माझ्या मांडीवर ठेवली. वीज जोडली नाही. मी पाठीवर तळहात ठेवला आणि जाडी तार छेडली. थरथर तळहातातून कोपरापर्यंत गेली. आवाज कितीतरी वेळ त्या पोकळीत फिरत राहिला, जणू आत कोणी डोळे मिटून बसले आहे आणि चुकलेला उच्चार आपणहून दुरुस्त करीत आहे. मग माझे लक्ष गाठीकडे गेले. आजूबाजूची चकाकी तशीच होती. केवळ त्या गाठीवर ती झिजून लाकूड उघडे पडले होते, गुळगुळीत, थोडे खोलगट.

"करंगळी तिथे टेकवून वाजवायची," सर म्हणाले. "शंभरदा सांगितलं, बोट टेकवू नकोस, हात मोकळा ठेव. ऐकलं नाही. म्हणायची, इथे मला हात लावायची मनाई होती ना, म्हणून."

ती गिटार त्यांनी मला दिली. मी नको म्हणालो नाही. जिच्यासाठी ती घरात आणायला भ्यालो होतो, तीच घरात नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आले. मीच निरोप धाडला होता. आता ते काठी टेकीत चालतात आणि त्यांना एकाच डोळ्याने दिसते. मी गिटार अजून ओसरीबाहेर, बाजेवरच ठेवली होती; मामांवाचून आत नेणे मला प्रशस्त वाटले नाही. ते वाकले. घोड्याला चाचपावे तसा त्यांचा हात मानेवरून छातीवर आला आणि छिद्राखाली थांबला. ह्या वेळी बोट टेकले.

"तीच शे, दाजी?"

"तीच."

"हाई आठे काबरं घसायेल शे?"

मी सांगितले. गुरुवार, दुपार, करंगळी, सारे सांगितले. मामा ऐकत होते आणि त्यांचे बोट त्या खोलगट जागेत तसेच होते. मग त्यांनी टोपी काढली. देवाशिवाय कोणापुढे मी त्यांना टोपी काढताना पाहिले नव्हते.

"मी तिले हात लावू दिना नही," ते म्हणाले. "मीच."

"तुम्ही भ्यालात, मामा. मी तर वाचून सांगितले."

त्यांनी उंबऱ्याकडे पाहिले आणि हात पुढे केला. काय हवे ते मला कळले. मी आतून तांब्या भरून आणला. त्यांनी तो घेतला. निम्मे पाणी त्यांच्याच पायांवर सांडले. उरलेले त्यांनी उंबऱ्याच्या एका बाजूला घातले, मग दुसऱ्या.

"लई या घरमा," ते म्हणाले.

मी गिटार उचलली. ओल्या उंबऱ्यावरून पाय आत टाकताना बाराबंदीचे बंद तारांना लागले, आणि रिकाम्या घरात ती आपणहून बोलली.